लष्करातले गोट, पागा आणि बाजार

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात ग्वाल्हेरच्या लष्कर भागाबद्दल एक छोटी नोंद लिहिली होती. तिच्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सगळं सदर लष्करलाच देऊन टाकलं. माझा जन्म लष्करातला. नोकरी मालमत्ता कराच्या मोजणीची. हातात टेप आणि बगलेत नोंदवही घेऊन इथल्या गल्ल्या पालथ्या घातल्या, लोकांच्या ओट्यांवर बसून चहा प्यायलो आणि घराची लांबी-रुंदी लिहिता लिहिता त्या घराची हकीकतही ऐकत गेलो. छापील इतिहासाशी जुळलं तेवढंच इथे सांगतो, आणि जिथे ऐकीव आहे तिथे तसं म्हणतो.

प्रश्न : पणजोबांची काही पत्रं माळ्यावर सापडली. वर नुसतं ‘मुक्काम लष्कर’ लिहिलंय. आम्ही पुणेकर, त्यामुळे आम्हाला आपलं इथलंच लष्कर वाटलं. पण आत ‘अचलेश्वराच्या दर्शनास गेलो’ असं वाक्य आहे. ग्वाल्हेरलाही लष्कर आहे का? आणि अख्ख्या शहराला असं नाव कसं पडलं? (पुण्याचे एक वाचक)

उत्तर : अचलेश्वर म्हणजे आमचंच लष्कर, शंकाच नको. हे देऊळ आजही भर रस्त्यात मधोमध आहे आणि वाहनं दोन्ही अंगांनी वळसा घालून जातात. रस्ता सरळ करायला पिंड हलवायचं ठरलं, हत्ती लावले, साखळदंड तुटले, पिंड जागची हलली नाही, म्हणून अचलेश्वर. ही कथा लष्करातलं प्रत्येक पोर ऐकत मोठं होतं. शिंदे सरकारची राजधानी म्हणजेच लष्कर, तेव्हा पणजोबांना पुढे ग्वाल्हेर लिहायची गरज वाटली नसावी.

आता नाव. महादजी शिंदे 1794 च्या फेब्रुवारीत तुमच्या पुण्याजवळ वानवडीला वारले आणि गादी दत्तकपुत्र दौलतरावांकडे आली. 1803 सालच्या इंग्रजांशी झालेल्या लढाईत असई गेली, लासवाडी गेली, दिल्ली-आग्रा आणि दुआबाचा मुलूख गेला. त्या वर्षाच्या शेवटी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. दोन वर्षांनी, 1805 मध्ये, ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी परत दिला. तोवर दौलतरावांचं सरकार घोड्यावरच होतं. उज्जैन राजधानी खरी, पण दरबार, खजिना, दफ्तर, मुदपाकखाना, सगळं तंबूंतून हलत असे.

त्या फिरत्या छावणीबरोबर 1809 साली ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी राजपुतान्यात हिंडत होता. त्याने पत्रांतून छावणी उतरायची रीत लिहून ठेवली आहे. मुक्काम हलला की बिनीवाले पुढे जात, महाराजांच्या देवडीची, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या तंबूंच्या आवाराची, जागा ठरवत आणि तिथे निशाण रोवत. मग त्या निशाणावरून बाजारांच्या रांगा आखल्या जात. कुठला सरदार देवडीच्या कुठल्या बाजूला, तोफखाना कुठे, पलटणी कुठे, हे सगळं ठरलेलं असे. गाव बदलायचं, मांडणी तीच राहायची. वाण्याला आपलं दुकान कुठे लावायचं हे कुणाला विचारावं लागत नसे.

1810 च्या सुमारास हीच छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला, स्वर्णरेखा नदीच्या काठच्या मोकळ्या मैदानात उतरली. वर भक्कम किल्ला, खाली पाणी, उत्तरेला आग्र्यात इंग्रज बसलेले, पश्चिमेला खंडणी देणारे रजपूत राजे आणि पूर्वेला बुंदेलखंड. इथून लवकर हलायचं कारण उरलं नाही. तंबूंच्या जागी आधी मातीच्या भिंती आल्या, मग दगडी वाडे आले. लोक ‘लष्करात राहतो’ म्हणत होते ते तसंच म्हणत राहिले.

म्हणून लष्करचा नकाशा हातात घेतला की मी प्रत्येकाला एकच सांगतो : इथे शहर शोधू नका, मुक्काम शोधा. मधे गोरखी हा जुना राजवाडा आणि त्यालगतचा महाराज बाडा, म्हणजे देवडीची जागा. तिच्याभोवती सरदारांचे गोट, मग पागा आणि तोफखाना, मधून मधून बाजार. कुठल्याही मोहल्ल्यात उभं राहून ‘इथे कोण उतरलं होतं?’ एवढं विचारलंत तर निम्मं उत्तर पाटीवरच मिळतं.

प्रश्न : माझं माहेर इंदूरचं. लग्न ठरलं तेव्हा सासरचा पत्ता ‘चिटणीस की गोठ, लष्कर’ असा ऐकून घरात सगळे गोंधळले. आमच्याकडे माळव्यात गोठ म्हणजे पावसाळ्यात दालबाटी करायला बाहेर जातात ती. मराठीत म्हणावं तर गोठा. या नावात नक्की काय आहे? (इंदूरच्या एक वाचक भगिनी)

उत्तर : ताई, दालबाटीही नाही आणि गुरंही नाहीत. ‘शत्रूच्या गोटात खळबळ’ असं आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो, तोच हा गोट. सरदार आपल्या माणसांसकट जिथे उतरे तो त्याचा गोट. हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या तोंडी तो ‘गोठ’ झाला, आणि आता आम्ही मराठी माणसंही तसंच म्हणतो. चिटणीसांची गोठ, महाडिकांची गोठ, निंबाळकरांची गोठ, ही सगळी त्याच घडणीची. चिटणीस म्हणजे सरकारी पत्रव्यवहार सांभाळणारे. निंबाळकर फलटणकडचे. याशिवाय फाळके, पाटणकर, शितोळे, जाधव, घाटगे, थेट कुलाब्याचे आंग्रेसुद्धा इथे आले. दर्यावर आरमार चालवणाऱ्यांचे वंशज समुद्रापासून इतक्या दूर चंबळच्या मुलखात घरं करून राहिले, ही गोष्ट मला आजही नवलाची वाटते. फाळक्यांच्या नावाचा फालका बाजार आणि पाटणकरांच्या नावाचा पाटणकर बाजार आजही भरलेला असतो, पण तिथल्या दुकानांत खरेदी करणाऱ्या दहांतल्या नवांना ही माणसांची आडनावं आहेत याची कल्पना नसते.

गोठ आतून कशी असते ते सांगतो, कारण मोजणीच्या निमित्ताने हे मी वारंवार पाहिलंय. बाजाराच्या रस्त्यावरून आत वळलं की आधी दगडी कमान लागते, घोडेस्वार भाला न वाकवता आत जाईल एवढी उंच. पुढे गल्ली सरळ जात नाही, एक वळण घेते. वळणानंतर चौक, चौकात विहीर, विहिरीशेजारी मारुतीचं किंवा दत्ताचं देऊळ. चौकाच्या टोकाला सरदारांचा वाडा आणि दोन्ही हातांना कारकून, भिक्षुक, आचारी, शिलेदार यांची घरं, एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून. म्हणजे एका माणसाच्या पदरी असलेली सगळी मंडळी एका दाराआड. रात्री कमानीचं दार लागलं की गोठ बंद.

वाड्यांत आणखी एक गंमत आहे. मांडणी अगदी आपल्या देशावरची : देवडी, पहिला चौक, माजघर, मागे परसात तुळस. पण हात लावून पाहा, लाकूड फार कमी. पुण्या-साताऱ्याच्या वाड्यात सागवानी खांब आणि तुळया असतात. इथे खांब दगडी, तुळया दगडी, छतसुद्धा दगडाच्या लांब फरशांचं. त्यांना इथे पटिया म्हणतात. ग्वाल्हेरचा वालुकाश्म चिरला की त्याच्या लांबलचक फळ्या निघतात आणि इथले संगतराश त्याच दगडात अशी जाळी कोरतात की बाई आत उभी राहून रस्ता पाहील, रस्त्यावरून ती दिसणार नाही. घर मराठी आणि हात बुंदेलखंडी, असं ते मिश्रण आहे.

एका गोठीतल्या तळमजल्याचं माप घेताना मला भिंतीत गुडघ्याच्या जरा वर ओळीने बसवलेल्या दगडी कड्या दिसल्या. भिंतीच्याच चिऱ्यातून कोरून काढलेल्या. आतली बाजू दोर घासून घासून काचेसारखी गुळगुळीत झालेली. घरमालकीणबाईंनी त्यातल्या एकीला दुधाची किटली अडकवली होती. ती खोली म्हणजे पागा. घोडे जाऊन चार पिढ्या झाल्या तरी प्रत्येक घोड्याला किती जागा होती हे दोन कड्यांमधलं अंतर मोजून सांगता येत होतं. नोंदवहीत मला ‘स्वयंपाकघर’ लिहावं लागलं. घरी आल्यावर माझ्या स्वतःच्या वहीत मी ‘पागा’ लिहिलं.

ताई, तुमच्या मुलांना पत्त्यात ‘चिटणीस की गोठ’ लिहायला शिकवा. हल्ली लोक जवळच्या एखाद्या दुकानाचं किंवा नव्या इमारतीचं नाव लिहून मोकळे होतात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. वाडा पडला तर त्याचं चित्र तरी राहतं. पत्त्यातून नाव गेलं की त्या जागी कोण राहत होतं हे विचारायचीही कुणाला आठवण होत नाही.

प्रश्न : कंपू, जिन्सी, हुजरात, पडाव. तुमच्या नोंदीत ही नावं होती. यांचा अर्थ एकाच ठिकाणी सांगाल का? अभ्यासासाठी हवा आहे. (नागपूरचा एक विद्यार्थी)

उत्तर : ही सगळी फौजेच्या खात्यांची नावं आहेत, बाळा. क्रमाने घेऊ.

हुजरात म्हणजे खुद्द महाराजांची घोडदळाची पागा. सरदारांचे स्वार सरदाराच्या हुकमात, हुजरातीचे स्वार थेट धन्याच्या. त्यामुळे हुजरात देवडीपासून लांब असूच शकत नाही, आणि नाहीच. हुजरात पूल बाड्यापासून चालत गाठता येतो.

जिन्सी म्हणजे तोफखाना आणि त्याचं कोठार. तोफा, गाडे, बैल, तोफेची दारू. आज तिथे जिन्सी नाला नंबर एक, दोन, तीन अशा वस्त्या आहेत आणि लोक रिक्षावाल्याला नुसता आकडा सांगतात.

कंपूची गोष्ट लांबची आहे. महादजींनी 1784 पासून द बॉइन या युरोपीय सरदाराकडून कवायती पलटणी तयार करवल्या. बंदूक, संगीन, एका तालात पाऊल. अशा पलटणींच्या मोठ्या जमावाला कंपू म्हणत. द बॉइननंतर पेराँ आला, तो 1803 मध्ये इंग्रजांना मिळाला. पण फिलोज घराणं शिंद्यांकडेच राहिलं. जॉं बातिस्त फिलोज, आपल्या कागदांतले ‘जान बतीस’, दौलतरावांच्या फौजेत मोठ्या पदावर होते. त्याच घराण्यातल्या मायकेल फिलोज यांनी पुढे जयविलास महाल बांधला, तो 1874 मध्ये पुरा झाला. म्हणजे आजोबांच्या पिढीने पलटणी उभ्या केल्या आणि नातवंडांच्या पिढीने महाल. लष्करातला कंपू आता दवाखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. कंपूवर जाऊन आलो म्हटलं की ऐकणारा आधी ‘कोण आजारी आहे?’ असं विचारतो.

पडाव म्हणजे मुक्काम, सरळच आहे. तो बाड्यापासून दूर, फूलबागेच्या आणि स्टेशनच्या बाजूला आहे. शिंदे की छावनी हीसुद्धा त्याच कुळातली.

पण नुसते अर्थ पाठ करू नकोस, त्यामागची एक घटना ध्यानात ठेव. 29 डिसेंबर 1843 रोजी, एकाच दिवशी, महाराजपूर आणि पनिहार या दोन ठिकाणी शिंद्यांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. त्यानंतरच्या तहाने फौज 9,000 वर आणली गेली. तोवर लष्करात शिपाई हाच मुख्य माणूस होता. आता हजारो माणसं कामावरून सुटली. बरीच गावाला परतली, पण ज्यांची दुसरी-तिसरी पिढी इथेच जन्मलेली ती कुठे जाणार? ती त्याच जागी राहिली. कोणी कारकुनीत गेला, कोणी दुकान टाकलं, कोणी शाळामास्तर झाला. छावणीचं शहर खऱ्या अर्थाने तेव्हा झालं असं मला वाटतं. 1810 मध्ये तंबू थांबले होते, 1844 नंतर माणसं थांबली.

प्रश्न : आमच्या कागलच्या घाटग्यांची लेक बायजाबाई ग्वाल्हेरला दिली होती. तिच्या नावाचं तिथे काही आहे का? की सगळे मोहल्ले पुरुषांच्याच नावाचे? (कोल्हापूरच्या एक वाचक भगिनी)

उत्तर : आहे तर! मोतीमहालासमोरचं बैजाताल. बायजाबाई म्हणजे कागलच्या सर्जेराव घाटग्यांची मुलगी. दौलतरावांशी लग्न झालं 1798 मध्ये. 1827 मध्ये दौलतराव गेले, पोटी मुलगा नव्हता, जनकोजीराव दत्तक आले, लहान होते. मग 1833 पर्यंत राज्य बायजाबाईंनी चालवलं. घोड्यावर पक्की मांड, भाला चालवण्यात तरबेज आणि पैशाच्या व्यवहारात तर सावकारांना भारी. काशीत ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप 1828 मध्ये त्यांनीच बांधला. जनकोजीरावांशी बिनसल्यावर त्यांना राज्य सोडून जावं लागलं, पुष्कळ वर्षं बाहेर काढावी लागली, आणि नंतर त्या परत आल्या. 1857 चा धामधुमीचा काळही त्यांनी पाहिला. 1863 मध्ये त्या वारल्या.

दुसरं नाव बालाबाईंचं. या महादजींच्या कन्या, शितोळ्यांच्या घरात दिलेल्या. लष्करात ‘बालाबाई का बाजार’ आहे. खासगी बाजारातली ‘खासगी’ म्हणजे राजघराण्याच्या स्वतःच्या खर्चाचं खातं, राण्यांच्या नेमणुका त्यातूनच चालत. अलीकडच्या काळातली गजराराजे आणि कमलाराजे ही नावं तर दर घरात घेतली जातात, कारण कंपूवरचं 1946 चं वैद्यकीय महाविद्यालय गजराराजांच्या नावाचं आणि बायकांचा दवाखाना कमलाराजांच्या. लष्करातल्या अर्ध्याअधिक मुलांच्या जन्माची जागा तीच. माझ्या दोन्ही मुलांचीही.

तुम्ही कधी आलात तर बैजातालाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी बसा. तुमच्या गावच्या लेकीचं आहे ते.

प्रश्न : गंज इतके का? दौलतगंज, जनकगंज, माधौगंज, जीवाजीगंज? (अमरावतीचे एक वाचक)

उत्तर : गंज म्हणजे धान्याची पेठ, आणि पुढचं नाव राजाचं. दौलतराव, जनकोजीराव, माधवराव, जीवाजीराव. वस्ती वाढली, नवी पेठ वसवली, गादीवरच्या धन्याचं नाव दिलं. गोठ सरदाराची, गंज राजाचा, एवढा फरक लक्षात ठेवला की गोंधळ होत नाही.

प्रश्न : लष्कर म्हणजे फक्त मराठ्यांचंच शहर होतं का? आणि आता तिथे मराठी कितपत उरली आहे? (नाशिकचे एक वाचक)

उत्तर : फक्त मराठ्यांचं ते कधीच नव्हतं. फौज चालते पोटावर, आणि पोट चालतं बाजारावर. सराफ, धान्यवाले, लोहार, शिकलगार, रंगारी, भिस्ती, हलवाई हे छावणीबरोबरच फिरत होते. ती थांबली तेव्हा तेही थांबले. दालबाजार, लोहिया बाजार, टोपी बाजार, दानाओली, लक्कडखाना, नावंच सांगतात तिथे काय मिळायचं ते. सराफ्यातल्या जुन्या इमारतींचे दगडी झरोके मारवाडी आणि जैन सावकारांच्या वैभवाचे आहेत. मान वर करून चालायची सवय असेल तरच ते दिसतात, कारण खाली सगळं पाट्यांनी झाकलंय.

बाड्यालगत गोरखीत, जिथे जयविलास होण्याआधी राजघराणं राहत असे, शिंद्यांचं देवघर आहे. त्याच आवारात मन्सूरशहा अवलियांचं स्थान आहे. हे बीडचे संत, महादजींचे गुरू. त्यांचा उरूस शिंदे घराणं आजही पाळतं आणि घरातला कर्ता पुरुष त्या दिवशी तिथे सेवेला उभा राहतो. मोहरमचे ताजिये सरकारी इतमामाने निघायचे, ‘गश्त का ताजिया’ नावाचा चौकच आहे. गणपती, ताजिये आणि दसऱ्याची स्वारी एकाच रस्त्यावरून गेलेली पाहणारी माणसं माझ्या लहानपणी घराघरांत होती.

शिंदे की छावनीत राहणाऱ्या एका हिंदी भाषक शिक्षकाच्या घरी 25 डिसेंबर 1924 रोजी मुलगा झाला. मूळ घराणं आग्र्याकडच्या बटेश्वरचं. मुलगा गोरखीच्या शाळेत शिकला, पुढे व्हिक्टोरिया कॉलेजात गेला. ते अटलबिहारी वाजपेयी. त्यांचं मराठी ऐकून महाराष्ट्रातल्या लोकांना आश्चर्य वाटायचं, आम्हाला कधी वाटलं नाही. लष्करात वाढलेल्या कुठल्याही मुलाच्या कानावर मराठी पडतच होती.

आता किती उरली? प्रामाणिकपणे सांगतो, गल्लीत कमी, घरात बरी, गणपतीत भरपूर. आमची बोली तुम्हाला विचित्र वाटेल. आम्ही ‘बाड्यावर जाऊन सब्जी आणते’ म्हणतो, ‘गाडी रुकली’ म्हणतो. पण देवघरातल्या आरत्या, हळदीकुंकवाची आमंत्रणं, पोरांना रागावणं अजून मराठीतच आहे. माझ्या नातीला ‘खिडकी’ आणि ‘झरोखा’ दोन्ही लागतात, आणि मला ते आवडतं.

प्रश्न : बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाणं शिकायला उत्तरेत गेले, रामकृष्णबुवा वझे ग्वाल्हेरला राहिले, असं वाचलंय. हे विद्यार्थी तिथे राहायचे कुठे? (बेळगावच्या एक संगीत शिक्षिका)

उत्तर : तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण गाण्याचं उत्तरही गोठींतच सापडतं. हद्दूखां-हस्सूखां हे गवई बंधू शिंद्यांच्या दरबारात होते. त्यांची ख्यालगायकी वासुदेवबुवा जोशींसारख्या मराठी शागिर्दांनी घेतली आणि वासुदेवबुवांकडून ती बाळकृष्णबुवांनी महाराष्ट्रात आणली. अशी खिशात दमडी नसलेली पोरं परगावात टिकली कशी? सरकारी अन्नछत्रं होती, सरदारांकडे पंगती होत्या, माधुकरी होती. वझेबुवांनी अन्नछत्रात जेवून विद्या केली. भिक्षुकाच्या ओट्यावर झोपायचं, पहाटे उस्तादाच्या दारात. एका कमानीआड पाकशाळा, देऊळ आणि वाडा असल्याचा हा फायदा.

पुढे गवई शंकर पंडितांचे चिरंजीव कृष्णराव शंकर पंडित यांनी 1914 मध्ये लष्करात गंधर्व महाविद्यालय सुरू केलं. 1918 मध्ये माधवराव महाराजांच्या आश्रयाने भातखंड्यांनी माधव संगीत महाविद्यालय उभं केलं. जीवाजीगंजात हाफिज अली खां यांचं घर आता ‘सरोद घर’ म्हणून संग्रहालय झालंय. बाई, विद्यार्थ्यांना घेऊन या. एका सकाळीत तिन्ही ठिकाणं पायी होतात.

प्रश्न : ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार ही तीन गावं की एक? (ठाण्याचे एक वाचक)

उत्तर : महापालिका एक, गावं मूळची तीन. जुनं ग्वाल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी. तिथे मुहम्मद घौस आणि तानसेन यांच्या कबरी. लष्कर दक्षिणेला, शिंद्यांचं. मुरार पूर्वेला, इंग्रजांच्या हुकमातल्या कंटिंजंट फौजेची छावणी. 14 जून 1857 ला तीच फौज उठली. 1858 च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे लष्करात आले, आणि राणी त्याच महिन्यात पडली. फूलबागेजवळ तिची समाधी आहे. त्यानंतर किल्ला आणि मुरार इंग्रजांनी 1886 पर्यंत स्वतःकडे ठेवले आणि झाशीच्या बदल्यात परत केले. जुन्या ग्वाल्हेरच्या उत्तरेला बिर्लानगर आहे, ते 1921 च्या जियाजीराव कॉटन मिलमुळे वसलं. गिरणी बंद पडली, नाव राहिलं.

प्रश्न : आमचं मूळ घर लष्करात होतं असं आजी सांगायची. ‘विहीर, मारुती आणि समोर पाटणकरांचा बाजार’ एवढंच आठवतं. शोधता येईल का? (साताऱ्याचे एक वाचक)

उत्तर : येईल, आणि आजीने दिलेल्या तीन खुणा पुष्कळ आहेत. आल्यावर आधी हॉटेलात विचारू नका, नकाशाही उघडू नका. सकाळी पाटणकर बाजारात जा, दुकानं उघडायच्या आधी, तेव्हा कमानी दिसतात. आत ज्या गल्लीला वळण आहे ती धरा. विहीर बहुतेक बुजवलेली असेल; चौकात एखादा गोल ओटा किंवा वर्तुळाकार फरशी दिसली तर तीच. मारुतीच्या पुजाऱ्याला आडनाव सांगा. पुजाऱ्याचं घराणं सहसा बदललेलं नसतं, आणि पूर्वी कुणाच्या घरून कुठल्या सणाला शिधा यायचा हे त्यांना पाठ असतं. आडनावापेक्षा ‘कुणाच्या पदरी होते’ हे सांगितलंत तर आणखी बरं.

कागद हवे असतील तर मालमत्ता कराच्या जुन्या वह्यांत घरांची नोंद मोहल्ल्याच्या नावाखाली असते, मालकाच्या नावाखाली नव्हे. म्हणून आधी गोठ नक्की करा, मग मालक. घरात मोडीतले कागद असतील तर ते रद्दीत घालू नका. सरदार आनंदराव भाऊ फाळके यांनी शिंदेशाहीचे कागद असेच जमवून छापले, म्हणून आज आपल्याला त्या काळातलं इतकं कळतं. एखादा मोडी जाणणारा गाठून निदान पहिली ओळ वाचून घ्या. तीत बहुधा ठिकाण आणि धन्याचं नाव असतं.

ते नाव संपादकांच्या पत्त्यावर मला कळवा. गोठ कुठली ते मी इथे चौकात जाऊन पाहतो आणि कमानीचा फोटो पाठवतो.